घरचा 'डबा' आणि पिंपरीची इस्टेट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या गाड्यांवर आलेला लेख वाचला. फोटो सुरेख होते, पण सगळे संस्थानिकांच्या गाड्यांचे. जपण्यासारख्या गाड्या मोजक्याच, बाकीच्या वेळेवर भंगारात गेलेल्या बऱ्या, असं लेखाच्या शेवटी म्हटलं आहे. या वाक्याशी मी सहमत नाही. गेली ३० हून अधिक वर्षं मी एक साधी, घरगुती गाडी सांभाळते आहे. तिच्याविषयी आणि तिच्या निमित्तानं आपल्याकडच्या एका गाडीविषयी लिहावंसं वाटलं. पत्र लांबलं आहे, जमलं तर पूर्ण छापावं.

मी मूळची चिंचवडची. यजमान तिथल्या एसकेएफच्या बेअरिंग कारखान्यात होते. १९९१ साली कंपनीनं त्यांना स्वीडनला, गोथेनबर्गला बोलावलं. मुलगी तीन वर्षांची, मुलगा सहा महिन्यांचा. दोन वर्षांत परत येऊ असं आईला सांगून निघालो होतो, ते इथेच राहिलो. पुढे मी इथल्या बालवाडीत नोकरी धरली आणि तिथूनच निवृत्त झाले.

चिंचवडकरांना एसकेएफ परकी नाही, पण व्होल्वो ही मोटार कंपनी याच बेअरिंग कंपनीच्या पोटी जन्मली हे तिकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं. 'व्होल्वो' हा लॅटिन शब्द. अर्थ 'मी गोल फिरतो'. १९१५ मध्ये बेअरिंगसाठी म्हणून हे नाव नोंदवलं होतं आणि नंतर ते तसंच पडून राहिलं. मग एसकेएफच्या विक्री विभागातले असार गाब्रिएलसन आणि अभियंता गुस्ताफ लार्सन यांनी मोटार करायची ठरवली आणि १४ एप्रिल १९२७ या दिवशी गोथेनबर्गच्या हिसिंगेन भागातून पहिली गाडी बाहेर पडली. आपल्याकडे व्होल्वो म्हटलं की माणसाच्या डोळ्यांपुढे दादर-पुणे शिवनेरी येते. 'आम्ही व्होल्वो घेतली' असं मी फोनवर सांगितलं, तेव्हा माझ्या वहिनीनं विचारलं होतं, "बस? बस कशाला घेतलीत?"

आम्ही घेतली ती २४५. ही इस्टेट गाडी, म्हणजे मागचं छत शेवटपर्यंत सरळ गेलेलं, डिकीच्या जागी उभं मागचं दार आणि आत सामानाची लांबलचक जागा. नावातच तिचं वर्णन आहे. २ म्हणजे २०० ची मालिका, ४ सिलिंडर, ५ दारं. ही मालिका १९७४ साली बाजारात आली आणि १९९३ पर्यंत निघत राहिली. एकूण २८ लाखांहून अधिक गाड्या झाल्या. आमची १९८१ च्या मॉडेलची, गडद निळी. यान विल्सगॉर्ड यांनी तिचा आकार काढला. पट्टी लावून आखल्यासारख्या रेषा, कुठे उगाच गोलाई नाही. मुलांनी पहिल्याच आठवड्यात तिचं नाव 'डबा' ठेवलं. स्वीडिश लोक तिला 'सोस्सेकंटेनर' म्हणतात, म्हणजे सोशल डेमोक्रॅट पक्षवाल्यांचा खोका, कारण मास्तर, नर्स, नगरपालिकेचे नोकर अशा सगळ्यांच्या दारात ती उभी असायची. इथल्या मध्यमवर्गाच्या सुखाची व्याख्याच आहे, 'विल्ला, व्होल्वो, व्होव्वे'. घर, व्होल्वो आणि कुत्रा. आमच्याकडे घर भाड्याचं होतं आणि कुत्रा कधीच नव्हता.

शेजारच्या आजोबांची ती गाडी. ते तोर्सलांडाच्या व्होल्वो कारखान्यातून निवृत्त झाले होते. गुडघे थकले म्हणून १९९२ मध्ये त्यांनी ती विकायला काढली. "नऊ हजार मील चाललीय," म्हणाले. ह्यांनी मनात मैलांचा हिशेब केला आणि अकरा वर्षांत एवढीच कशी, म्हणून चकित झाले. मग कळलं, स्वीडनमध्ये 'मील' म्हणजे दहा किलोमीटर. नव्वद हजार किलोमीटर! तरीही आम्ही घेतली, कारण किल्लीबरोबर आजोबांनी एक निळी वही हातात दिली. तेल कधी बदललं, कुठल्या दुकानातून कुठला भाग आणला, चाकं कधी अदलाबदल केली, सगळं तारीख घालून पेन्सिलीनं लिहिलेलं होतं. गाडीची किंमत आम्ही अठरा हजार क्रोनर मोजली. आज मला विचाराल तर त्यातली अर्धी किंमत त्या वहीचीच होती. ती वही भरली, आता तिसरी चालू आहे.

पहिल्यांदा मुलाला गाडीत बसवायचं होतं तेव्हा मला रडू आलं होतं. इथे तान्ह्या मुलाची खुर्ची उलटी, म्हणजे मुलाची पाठ रस्त्याकडे करून लावतात, आणि ती चार वर्षांपर्यंत तशीच ठेवतात. मूल मला दिसणार नाही, घाबरेल, असं वाटे. बालवाडीत लागल्यावर त्यामागचं कारण समजलं. लहान मुलाचं डोकं शरीराच्या मानानं जड आणि मान नाजूक. गाडी समोरून आदळली तर सरळ बसलेल्या मुलाच्या मानेवर सगळा हिसका बसतो. उलट्या खुर्चीत तोच धक्का पूर्ण पाठीवर पसरतो. इथल्याच चाल्मर्स विद्यापीठातले बर्टिल आल्डमन यांना ही कल्पना अंतराळवीरांवरून सुचली. उड्डाणाच्या वेळी त्यांना पाठीवर आडवं ठेवतात, तेच तत्त्व. १९६४ मध्ये त्यांनी व्होल्वोच्या गाडीत अशी पहिली खुर्ची लावून तपासली. त्याच्या पाच वर्षं आधी, १९५९ मध्ये, व्होल्वोच्या निल्स बोलिन यांनी आज जगातल्या जवळपास प्रत्येक मोटारीत असलेला तीन टोकांचा पट्टा, म्हणजे सीटबेल्ट, आणला होता. ते आधी विमानातून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या खुर्च्यांवर काम करत. कंपनीनं तो पट्टा इतर सगळ्यांना वापरायला मोकळा करून दिला. चिंचवडला ह्यांच्या स्कूटरवर मी मुलीला पुढे उभी करून फिरले होते. ते आठवून त्या दिवसांत माझ्या पोटात गोळा यायचा.

मुलं मोठी झाल्यावर त्यांची जागा बदलली. डब्याच्या अगदी मागे, सामानाच्या जागेत, जमिनीतून उघडणारं एक बाक आहे. त्यावर दोन मुलं बसतात, पुन्हा पाठ ड्रायव्हरकडे आणि तोंड मागच्या काचेकडे. १९९४ पासून पाच-सहा वर्षं माझी दोन्ही मुलं तिथे बसून वाढली. पुढचा रस्ता त्यांनी पाहिलाच नाही, पाहिला तो लांब जाणारा. मागच्या ट्रकवाल्याला हात करायचा आणि त्यानं दिवे लुकलुकवले की आनंदानं ओरडायचं. मार्स्ट्रांडला जाताना समुद्र आम्हाला आधी दिसायचा, त्यांना नंतर. मुलगी आज सदतीस-अडतीसची आहे. बालपणातलं गाव आठवायचं म्हटलं तर तिला ते मागे मागे जाताना दिसतं, असं ती सांगते.

१९९५ च्या जानेवारीत माझी आई आली. लांडव्हेटरच्या विमानतळावर बर्फ भुरभुरत होतं. दोन मोठ्या बॅगा, गोडा मसाल्याचे डबे, एक पितळी परात आणि चिंध्यांत बांधलेला पाटा-वरवंटा. हो, पाटा-वरवंटा तिनं पुण्याहून आणला होता! ते सगळं मागे सहज मावलं. आई पुढे बसली. ह्यांनी सीट तापवायचं बटण दाबलं. पाच मिनिटांनी आई हळूच म्हणाली, "अगं, कुणीतरी इथे आत्ताच बसून उठलंय का?" मी समजावून सांगितलं. मग गोथेनबर्ग येईपर्यंत तिनं शाल काढून मांडीवर ठेवली होती. भर दुपारी दिवे लावून का चालवता, बॅटरी जाईल, हेही तिनं दोनदा बजावलं. स्वीडनमध्ये १९७७ पासून दिवसाही दिवे लावणं सक्तीचं आहे.

आता मुद्द्याचं. गाडी टिकली कशी?

इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. मीठ आणि ओल एकत्र आली की पत्रा आतून खाल्ला जातो. वरून रंग चकचकीत आणि दाराखालच्या उंबऱ्यात बोट घातलं तर आरपार, अशा कित्येक गाड्या मी पाहिल्या. १९९६ च्या शरद ऋतूत मी गाडी-देखभालीच्या 'स्टुडिएसिर्केल'मध्ये नाव घातलं. हे म्हणजे शेजारपाजारची आठ-दहा माणसं संध्याकाळी जमून एखादा विषय शिकतात, इथली जुनी पद्धत आहे. आमच्या गटात सगळ्या बायका होत्या. तिथे मी पहिल्यांदा गाडीखाली आडवी झाले आणि पाणी कुठून शिरतं आणि कुठे अडतं ते पाहिलं. दारांच्या खालच्या कडेला बारीक छिद्रं असतात, पाणी निथळायला. ती चिखलानं बुजली की दार आतून गंजतं. मी ती दर वसंतात विणकामाच्या सुईनं मोकळी करते. सुई आईचीच आहे. चाकांच्या कमानी, जॅक लावायच्या जागा, स्टेपनीचा खड्डा, मागच्या दाराची खालची कड, समोरच्या काचेखालची पट्टी, एवढ्या जागा बघितल्या की निम्मी गाडी बघितली. एप्रिलमध्ये खालून भरपूर पाण्यानं धुवायची, ऊन-वारा लागून पूर्ण वाळू द्यायची आणि मग पोकळ भागांत पातळ मेणासारखं गंजरोधक फवारायचं. ते आत झिरपत सांध्यांपर्यंत जातं. ओल्यावर फवारलं तर ओल आत कोंडते आणि केलेलं सगळं उलटं पडतं. घाई करायची नाही, हे मला शिकवणाऱ्या बाईंनी तीनदा सांगितलं होतं.

एक चूक आमच्या हातून झाली तीही सांगते. इंजिनचा टायमिंगचा पट्टा (पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची चाल जुळती ठेवणारा) आठ हजार मीलला, म्हणजे ऐंशी हजार किलोमीटरला बदलायचा असतो. वहीत नोंद होती, पण ह्यांच्या आजारपणात ती बघायची राहिली. १९९९ च्या उन्हाळ्यात वारबर्गजवळ हमरस्त्यावर पट्टा तुटला आणि गाडी नि:शब्द होऊन कडेला थांबली. मला वाटलं, संपलं. बऱ्याच गाड्यांत पट्टा तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो आणि इंजिनाचा चुराडा होतो. आमच्या इंजिनात दोघांमध्ये पुरेशी फट सोडलेली आहे. त्याचा ठोकळा कारखान्यातूनच लाल रंगवून येतो, म्हणून जाणकार त्याला 'लाल इंजिन' म्हणतात. ओढून नेणाऱ्या माणसानं नवा पट्टा चढवला, खुणा जुळवल्या आणि त्याच संध्याकाळी आम्ही घरी परतलो. बनवणाऱ्यानं वापरणाऱ्याची चूक आधीच धरून ठेवली होती. त्या रात्री मला झोप आली नाही ती याच विचारानं.

२००९ मध्ये तपासणीत उंबरे नापास झाले. इथे गाडीची ठरावीक काळानं तपासणी होते आणि ती मनापासून होते. तपासनीस गाडीखाली उभा राहून छोट्या हातोडीनं ठोकत जातो, आवाज बदलला की थांबतो. एका गॅरेजनं सांगितलं, दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या तिप्पट, भंगारात द्या. मी मुलांना फोन केला. मुलगा तेव्हा अठरा वर्षांचा, लुंडला शिकत होता. तो म्हणाला, "आई, किंमत त्यांच्या कागदावरची आहे." गावाकडच्या एका छोट्या वर्कशॉपवाल्यानं तीन आठवडे घेऊन दोन्ही उंबरे कापले आणि नवा पत्रा जोडला. पत्रा तयार मिळाला, कारण या गाडीचे सुटे भाग आजही मिळतात, काही खुद्द कंपनीकडूनही. दारांची मुठी आणि मागचा वायपर आम्ही भंगारवाड्यातून आणला. तिथे आपलीच पाना-पकड नेऊन हवा तो भाग स्वतः खोलून घेता येतो.

तेव्हापासून नोव्हेंबर ते मार्च ती झाकून ठेवतो. वसंतातल्या दोन-तीन चांगल्या पावसांनी रस्त्यावरचं मीठ धुऊन गेलं की बाहेर काढतो. वर्षाला जेमतेम दीडशे मील चालते. बाकी सगळं ट्रामनं. आज ती ३१ हजार मील, म्हणजे ३ लाख १० हजार किलोमीटर झाली आहे. चाकांच्या बेअरिंगचा आवाज ह्यांच्या अखत्यारीत. काच खाली करून भिंतीच्या कडेनं हळू चालवायला लावतात, डोळे मिटतात आणि "डावं पुढचं" म्हणून सांगतात. आजवर एकदाही चुकले नाहीत.

जुनी गाडी नव्यापेक्षा चांगली असते असं माझं म्हणणं नाही. आमच्या डब्याला एअरबॅग नाहीत, धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाही. माझ्या नातीला मी हमरस्त्यावर त्या मागच्या बाकावर बसवत नाही. तिला अंगणात उभ्या गाडीत बसू देते. शहराची हवा खराब करणारी, देखभाल नसलेली वाहनं रस्त्यावरून गेलीच पाहिजेत, यात दुमत नाही. पण सरसकट वय बघून गाडी मोडीत काढणं आणि तिची अवस्था बघून निर्णय घेणं यांत फरक आहे. स्वीडनमध्ये गाडी ३० वर्षांची झाली की तिचा वाहनकर माफ होतो. आपल्याकडे २०२१ च्या नियमानं ५० वर्षं पूर्ण झालेल्या गाडीची विंटेज म्हणून नोंद करता येते आणि तिला 'व्हीए' अक्षरांची वेगळी पाटी मिळते. हे स्वागतार्हच आहे. पण १५ वर्षांनंतर फेरनोंदणी आणि ५० व्या वर्षी सन्मान, यांच्यामधली ३५ वर्षं त्या गाडीनं कुणाच्या दारात काढायची? संस्थानिकांच्या गाड्यांना ती काढता आली, कारण त्यांना पागा होत्या, नोकर होते. साध्या घरातली गाडी नेमकी याच काळात जाते.

म्हणूनच टाटा इस्टेटची आठवण काढते. पुण्यात, पिंपरीच्या टेल्कोतून, म्हणजे आजच्या टाटा मोटर्समधून, १९९२ मध्ये ती बाजारात आली. लांब छत, उभं मागचं दार, आत सगळं कुटुंब आणि सामान. आमचा डबा घेतला तेच वर्ष! माझ्या थोरल्या भावानं ती पांढऱ्या रंगात घेतली होती. आम्ही १९९६ मध्ये आलो तेव्हा त्याच गाडीतून नऊ जण आणि एक सायकल घेऊन गणपतीपुळ्याला गेलो होतो. कुंभार्ली घाटात मागच्या सामानावर मुलं झोपली होती. त्यानं ती २००७ मध्ये दिली. वजनावर गेली. कागदपत्रांची पिशवीसुद्धा गाडीच्या कप्प्यातच राहिली. भावाला आजही त्याची हळहळ आहे, आणि मी त्याला तेव्हाच फोनवर अडवलं नाही याची मला. १९९२ ची ती गाडी ५० वर्षांची होईल २०४२ मध्ये. तोपर्यंत पुणे जिल्ह्यात चालू स्थितीतल्या किती उरतील?

संपादक महोदय, माझी एक विनंती आहे. पुरवणीत राजेरजवाड्यांच्या गाड्यांइतकीच जागा घरगुती गाड्यांना द्या. वाचकांकडून फोटो आणि आठवणी मागवा. पद्मिनी, अँबेसेडर, इस्टेट, कुणाकडे अजून पहिल्या मालकाचं आरसी पुस्तक असेल, कुणाकडे सर्व्हिसची वही. ज्या मेकॅनिकांनी या गाड्या हातांनी वर्षानुवर्षं चालत्या ठेवल्या तेही आता साठी-सत्तरीत आहेत. कुठल्या गाडीला कुठला जुगाड बसतो आणि कुठला बसत नाही, हे त्यांच्याकडून ते असेपर्यंत लिहून घ्या.

आम्ही दोघं डिसेंबरात सहा आठवड्यांसाठी चिंचवडला येत आहोत. पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर, कुठेही कुणाकडे टाटा इस्टेट असेल, चालू असो वा बंद, तर आपल्या कार्यालयात कळवावं. मी बघायला येईन. येताना मेणाचं फवारणीचं नळकांडं विमानात आणता येत नाही, पण सुई आणीन आणि छिद्रं कुठे असतात ते दाखवीन. हे बेअरिंगचा आवाज ऐकतील.

आपली नियमित वाचक,
गोथेनबर्ग, स्वीडन (मूळ चिंचवड)